खुणेच्या खाली

मुरारच्या प्लॉटवर आम्ही घर बांधलंच नाही.
कुंपण घातलं, बोअर मारला,
आणि एक बोर लावली. कलमी.
पावती अजून आहे एलआयसीच्या फायलीत :
'गोला, एक नग.'

हे गेल्यावर तीन वर्षं तिकडे कुणी फिरकलं नाही.
यंदा मे महिन्यात कुलपात तेल सोडून फाटक उघडलं
तर आत बोर नव्हती, बोरींचं भांडण होतं.
सात-आठ खोडं,
एकमेकींच्या अंगात काटे रुतवून उभी.

हरगोविंद कुशवाह म्हणाला, "जंगली काट दो बाईसाहब,
कलमी अपने आप उठेगी."
अरे, पण कुठली कोणती?
मे महिन्यात बोरीला पान नसतं.
पान असतं तर मीही सांगितलं असतं :
कलमीचं ऐसपैस, तुकतुकीत,
रानटीचं अंगठ्याच्या नखाएवढं, पोटाशी पांढुरकं.
काट्यावरूनही कळतं म्हणे.
मी हात घातला. दोन्हीकडून ओरखडे आले,
सारखेच झोंबले.

तो उकिडवा बसला, बुंध्याची माती बोटांनी सारत,
"निशान ढूँढो, जहाँ चश्मा चढ़ाया था."
माझा हात नाकावरच्या चष्म्याकडे गेला.
मग उमगलं. आपण त्याला डोळा भरणं म्हणतो.
"निशान के ऊपर अपना. नीचे सब जंगल."

मीही बसले, गुडघ्यांना न विचारता.
सापडली खूण. जमिनीपासून वीतभर,
मोडलेलं हाड जुळल्यावर राहतो तसा एक उंचवटा.
त्याच्या वर हातभर लाकूड.
नखाने टोकरलं, आत हिरवं नाही.
अजून टोकरलं.
बाकी सगळी खोडं खुणेच्या खालची.

म्हणजे शेवटच्या दोन हिवाळ्यांत
ह्यांनी पिशव्या भरभरून आणलेली बोरं,
तोमरभाभींना, बँकेतल्या पोरांना,
डायलिसिसच्या सिस्टरांना 'घरची गोला' म्हणून वाटलेली,
ती तांबडी, आंबट, सगळी बी आणि साल.
"पाणी कमी पडलं, म्हणून लहान राहिली," म्हणायचे.
चौतीस वर्षं ऑडिटमध्ये काढलेला माणूस.
दुसऱ्याच्या बेरजेत रुपया चुकला तर
जेवता जेवता थांबायचा.
ठाऊक नसेल?

"तो सब काटें?" त्याने कोयता उचलला होता.

मला ऋताचा मुलगा आठवला, दोन महिन्यांचा निहार.
संक्रांतीला त्याचं बोरन्हाण.
गोला टाळूवर पडलं तर भोकाड पसरेल पोर.
चुरमुऱ्यांत, हलव्यात मिसळायला
हे चणीएवढंच बोर हवं.
हरगोविंदाला सांगितलं. "बेर से नहलाते हैं?"
तो इतका हसला की कोयता खाली ठेवावा लागला.

दोन खोडं ठेवली.
एकीवर पाऊस लागला की तो डोळा भरेल.
दुसरी आहे तशी राहील.
पुन्हा घोळ नको म्हणून तिला त्याने
आपल्या गमछ्याची चिंधी फाडून बांधली,
जंगलीला, कलमीला नव्हे.

घरी येऊन फाईल काढली.
गोला, एक नग.
पेन उघडून बराच वेळ बसले होते.
मग टोपण लावलं.