खलाशी

पाटबंधाऱ्याच्या हजेरीपटावर त्याचं पद : खलाशी.
समुद्र इथून आठ-नऊशे किलोमीटर.
दसरू पेंदामनं मोठं पाणी म्हणून पाहिलेली
एक वैनगंगा, तीही एसटीच्या खिडकीतून.

त्याच्या हातात चार मीटरची पट्टी,
माझ्या डोळ्याला दुर्बीण.
जुन्या लेव्हलमध्ये माणूस उलटा दिसतो,
त्यामुळे सात वर्षं मी दसरूला पाहिलं ते असं :
पाय वर, भुईला चिकटलेले,
डोकं खाली, आभाळात सोडलेलं,
धानाच्या बांध्या त्याच्यावर छतासारख्या.
तिथून तो पट्टी हळूच मागेपुढे झुलवायचा.
झुलत्या पट्टीवरचा सगळ्यात लहान आकडा, तोच खरा,
हे त्याला कुणी शिकवलं ठाऊक नाही.
मी नाही शिकवलं.

कालव्याचा उतार पाच हजाराला एक.
म्हणजे किलोमीटरभर चालायचं
आणि उतरायचं जेमतेम वीतभर.
डोळ्याला तो दिसत नाही, सायकलला कळत नाही.
कळतो फक्त पाण्याला,
आणि (हे मला फार उशिरा समजलं) दसरूच्या पोटऱ्यांना.

मोहटोल्याच्या अलीकडे, साखळी चार हजार तीनशे ऐंशी.
सूर्य सागवानात शिरलेला.
ड्रायव्हर हॉर्नवर हात ठेवून बसलेला.
मी आकडा ओरडलो, एक आठशे पंचेचाळीस,
आणि वहीत लिहिला.
तिकडून उलटा दसरू म्हणाला,
"सायेब, इथं चढ लागला जी.
आकडा उतराले पायजे, थो वाढला कसा?"

मी म्हणालो, तू पट्टी सरळ धर.

त्यानं धरली.

परतीची पातळी घ्यायची राहिली.
ती मी रात्री रेस्टहाउसात कंदिलापाशी बसून घेतली,
म्हणजे जुळवली.
तीन मिलिमीटरची चूक मुद्दाम ठेवली,
कारण साफ शून्य आलं की साहेबांना संशय येतो.

मग बदली. मग बढती. मग टेबल.
कालवा झाला, फीत कापली, पाणी सोडलं,
ते मोहटोल्याच्या अलीकडे येऊन
म्हशीसारखं उभं राहिलं.
अहवालात कारणं आली : गाळ, बेशरमाची झुडपं,
लाभधारकांची उदासीनता.
तो अहवाल माझ्याच टेबलावरून वर गेला.

यंदा त्या बाजूला एका लग्नाला गेलो होतो.
जेवण उशिरा होतं, म्हणून कालव्यावर गेलो.
पाणी वाहत होतं.
चार हजार तीनशे ऐंशीच्या दगडाला न विचारता
पुढं जात होतं.

फवारणीचा पंप विसळत एक बाई बसली होती, चंद्रकला कुमरे.
तिनं सांगितलं.
दसरूबुवानं गवंड्याची पारदर्शक नळी मागून आणली,
तिच्यात पाणी भरलं,
एक टोक नातीच्या हातात, एक स्वतःच्या.
सकाळी सकाळी, ऊन नळीत शिरायच्या आत,
बांबूच्या खुंट्यांवर खुणा करत
खालच्या धबाबापर्यंत तीनशे मीटर.
मग म्हणाला, दीड वीत.
दोन उन्हाळे सगळा टोला खणत होता.
"गेले थे, तीन साल झाले."

मी विचारलं, चूक कुणाची, काही बोलला का?
तिनं पंप उपडा केला.
"जमीन फुगली असंन, म्हनत."

ती वही अजून माझ्याकडे आहे,
खरं तर कार्यालयात जमा करायला हवी होती.
त्या वहीत खोडायचं नसतं, असा नियम.
आडवी रेघ, वर खरा आकडा, बाजूला सही.
रेघ ओढली.
वर लिहिलं : १.४८५.
सही केली, हात जरा हलला.
आता तारीख घालायची राहिली आहे,
तेव्हाची की आजची.