पार्किंग नंबर सतरा

गाडी विकली त्याच्या तिसऱ्या दिवशी
फ्लॉरी नकाशांची गुंडाळी घेऊन आली.
घरात पसरायला जागा कुठली, वन रूम किचन आमचं.
खाली गेलो.
मुलुंड पूर्व, दोन खांबांच्या मध्ये
नुकत्याच रिकाम्या झालेल्या सतरा नंबरात
सोळा कागद चिकटपट्टीने जोडले,
आणि घोटीपासून खुबी फाट्यापर्यंत
अख्खा डोंगर उताणा निजला फरशीवर,
चार कोपऱ्यांना चार पेव्हर ब्लॉक.

फ्लॉरीचं धोरण साधं :
रेषा एकमेकींना खेटून उभ्या, तिथे चालायचं.
ऐसपैस बसल्या असतील तिथे पळायचं.
रतनवाडी, कुमशेत, पाचनई. तीन मुक्काम.
तिनं पेन्सिलीनं खिंडी ओवल्या,
कात्राबाईशी थांबली,
टाक्यात डिसेंबरात पाणी असतं का, कुणाला माहीत.
एक प्रश्नचिन्ह काढलं, छोटंसं.

वरून हेरंबभावजींचा फोन.
वेड लागलंय का वहिनी, माझी घेऊन जा, ड्रायव्हरही देतो.
त्यांना कसं सांगू,
गाडी नेली की गाडीपाशी परत यावं लागतं.
मागच्या वर्षी चढले होते खिंडीपर्यंत.
पलीकडची दरी दिसली. तिनं मला पाहिलं, मी तिला.
आणि ओळख न देता वळले,
कारण गाडी देवळासमोर लावली होती.

घोटीच्या चौकशी खिडकीला सात वेळा रिंग गेली.
बस आहे का हो शेंडीला, सकाळची?
आहे.
किती वाजता?
ती आली की कळतं.
मी वहीत लिहिलं : आहे.

कुमशेतच्या चांगुणा भांगरे म्हणाल्या, या की. भाकरी, पिठलं, झोपायला वसरी.
गाडी कुठवर येती तुमची?
गाडी नाही मावशी, आम्ही पळत येणार.
पळत?
बराच वेळ नुसता कोंबडा ऐकू आला.
मग म्हणाल्या, कोन लागलंय गं मागं?

मागे कोण लागलंय.
पन्नाशी, असं फ्लॉरी म्हणते, आणि हसते,
तिचा डावा गुडघा हसत नाही.
मी काहीच म्हणत नाही.
रोज रात्री चौदा मजले चढते, उतरते, पाच खेपा.
रामसमुझ वॉचमन पहिल्या दिवशी धावत आला,
मॅडम, लिफ्ट चालू है.
आता तो खालून नुसता आकडा ओरडतो.

स्वयंपाकघरातल्या काट्यावर आयुष्य मांडलं :
विंडचीटर दोनशे दहा, शेंगदाण्याची चिक्की तीनशे,
मोज्यांचा एक जोड जास्तीचा, बँडेज, शिट्टी.
टूथब्रशचा दांडा सुरीनं अर्धा केला.
चष्म्याची डबी ठेवली, काढली, ठेवली.
काटा रोज थोडा वेगळं सांगतो,
त्याला रव्याची सवय आहे.

रविवारी सेक्रेटरी आले, नकाशाच्या कडेनं चपला सांभाळत.
चार हजार महिना मिळेल या जागेला,
बी विंगचे गाला विचारतायत.
आल्यावर बघू म्हटलं.
तळमजल्यावरची दोन मुलं तेवढ्यात
हरिश्चंद्रगडावरून उडी मारून
कोकणात उतरली.

नकाशा उचलताना दिसलं,
फरशीवरचं ऑइल कागदात झिरपलंय.
कुमशेतच्या थोडं अलीकडे
एक काळं तळं, रुपयाएवढं,
कुठल्याच सर्व्हेत नसलेलं.
बारा वर्षं गाडी तिथेच तर उभी असायची.
फ्लॉरी खोडरबर शोधू लागली.
राहू दे म्हटलं.

येताना खुबी फाट्यावर उभं राहायचं,
आळेफाट्याहून कल्याणची एसटी येते.
किती वाजता, ते विचारलं नाही.