दशकाचं घर

घरी सांगितलंय, गाडी बारा तास लेट आहे.
खरं तर ती वेळेवर होती.
पहाटे पाच चाळीसला नाशिकरोडला मीच उतरले,
अंधारात बर्थखालची चप्पल चाचपत,
पर्समध्ये बडनेरा ते पनवेल असं तिकीट,
आणि त्यामागे घडी घातलेलं दुसरं, संध्याकाळचं.
पनवेलला भाचीचं केळवण आहे. उद्या.
आजचा दिवस कुणी मागितलेला नव्हता.

ओढ्याच्या बाजूला पत्रा संपतो
तिथे एक बाक आहे.
थर्मास, टोपी, दशम्या, वही.
ही तिसरी वही. पहिली अकरावीत भरली.
दुसरी बाळंतपणाला गेले तेव्हा रद्दीत गेली,
कुणी घातली ते मी विचारलं नाही.

पहिली नोंद पंचवटी.
मग कोळशाची मालगाडी : वाघिणी अठ्ठावन्न,
शेवटच्या डब्यात गार्ड दात घासत उभा.
त्याने ब्रश वर केला. मी पेन वर केलं.
मग ते निळं जोड-इंजिन,
जे येण्याआधीच झाकणातला चहा थरथरतो.

मला हवं होतं एकच.
भुसावळ शेडचं, जुन्या पिढीतलं, बावीस पाच सत्तेचाळीस.
त्याच्या मागचं-पुढचं सगळं वहीत आहे,
हेच तेवढं नाही, आणि आता ही इंजिनं
एकेक करून भंगारात चालली आहेत.

अकराला आरपीएफचे खैरनार आले.
"ताई, सकाळपासून बसलाय. कोण यायचंय?"
"इंजिन."
ते हसले नाहीत. आधी बॅग बघितली, मग वही.
"हे आकडे मटक्याचे का?"
मी त्यांना शेड सांगितलं, वर्ग सांगितला, रंग सांगितले.
शाळेत निरीक्षक आल्यावर सांगतात तसं भरभर.
ते म्हणाले, "पंधरा वर्षं झाली मला इथे.
इंजिन बघितलंच नाही कधी.
मी दारं बघतो. पाकीटमार दारात असतो."

दुपारी रूळ पांढरे पडले.
चावीवाला हातोडा खांद्यावर टाकून गेला,
वाकला, एक ठोका दिला, ऐकलं, पुढे गेला.
नळाखाली द्राक्षं धुतली, अर्धा किलो, एकटीने संपवली.
प्रेसचा भोंगा झाला.
तास-सव्वा तास काहीही आलं नाही.
एवढं मोठं काहीही-नाही
आमच्या घरात ठेवायला जागा नाही.

सव्वासातला माझी गाडी सिग्नलला दिसली
आणि फोन वाजला.
"कुठवर आलीस?" ताईचा आवाज.
मी पाठ फिरवली, कानावर हात धरला,
"आत्ताच मनमाड सोडलं," म्हणाले,
आणि माझ्या पाठीमागून
इंजिन निघून गेलं. पाठीला गरम वारा लागला.
वळले तेव्हा डबे. नुसते डबे. एस-अकरा समोर.

खैरनार दुरून बघत होते.
"तुम्ही चढा," ओरडले, "मी बघतो!"
आणि तो पोट सुटलेला माणूस, काठी काखेत मारून,
अख्ख्या गाडीच्या लांबीएवढा पळत सुटला,
दारांकडे न बघता.

गाडी सुटली. दारात मी.
ते समोरून आले, हळूहळू मागे सरकत,
गुडघ्यांवर हात, तोंड उघडं :
"बावीस! पाच! सत्त—"
आणि पुढचं हॉर्नने खाल्लं.

आपल्याकडे एकक आधी बोलतात.
म्हणून सात माझ्याकडे आहे.
सत्तावीस? ते जळगावला पाहिलंय.
सत्तावन्न अकोल्याला, पावसात, दोनदा.
सत्त्याहत्तर, सत्त्याऐंशी, सगळी पाहिलेली,
आणि पाहिलेलं पुन्हा येऊ शकतंच.

देवळालीनंतर एका वळणावर
खिडकीच्या गजांना गाल लावून पुढे बघितलं :
उजेडाचा एक लांब तुकडा, झाडं, त्यावर किडे.
आकडा नाही.

लहवीत गेलं. अस्वली गेलं.
वहीत लिहिलं : दोन दोन पाच,
मग एक घर मोकळं, मग सात.
आणि शेरा म्हणून :
खैरनार यांनी पाहिले.