मागे घेताना

नकाशा टेबलावर मावत नाही,
त्याची पश्चिम ब्रेडच्या डब्यावर चढली आहे.
क्लेम पेन्सिलीने किनारा गिरवतो:
काउएल, आर्नो बे, टंबी बे,
पोर्ट लिंकनला वळसा,
मग कॉफिन बे, एलिस्टन, स्ट्रीकी बे, सेडूना.
एकेचाळीस वर्षं व्हायआलाच्या कारखान्यात
पोलादाच्या लाल पट्ट्या मोजल्या,
आता खाड्या मोजतो.

न्हाणीघरातला वजनकाटा स्वयंपाकघरात आलाय.
मी त्यावर उभी राहते, हातात बिडाची कढई,
मग घडीच्या खुर्च्या, पाण्याचा पाइप,
माकूळ धरायचे गळ.
तो माझं वजन वजा करून आकडा वहीत लिहितो.
इतक्या वर्षांत जे विचारायची छाती झाली नाही
ते आता त्याला तोंडपाठ आहे.

"पुढे फार भरलंस तर गाडीचं बूड टेकतं.
मागे फार भरलंस तर कॅरॅव्हॅन शेपूट हलवते,
आणि त्यात समोरून तीन डब्यांचा ट्रक गेला, की..."
पुढचं तो हाताने सांगतो.
कढई राहते. माझा शिवणाचा डबा बाद होतो.
विंचवाला बरं, त्याचं बिऱ्हाड कोणी तोलत नाही.
रात्री मी डबा उशीच्या खोळीत घालते
आणि पलंगाखालच्या कप्प्यात सारून येते.

मार्चमध्ये त्याच्या डोक्यात एक गुठळी अडली
आणि डावीकडचं जग विझलं.
डोळे दोन्ही धड आहेत, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या,
फक्त डावीकडचा निरोप आत पोचत नाही.
ताटातले डावीकडचे बटाटे तसेच राहतात.
तो म्हणतो, आज कमी वाढलंस.
मी ताट फिरवते.
लायसन गेलं.

म्हणून आता चालवायचं मी.
रविवारी सकाळी फुटबॉलच्या मैदानावर
सीगल सोडले तर कोणी नसतं.
शेजारचा थानासिस भगव्या बादल्या मांडतो
आणि ओरडतो,
"मागचं डावीकडे न्यायचंय? मग चाक उजवीकडे!
उलटं, बाई, सगळं उलटं!"
पहिल्या रविवारी दोन बादल्या चेपल्या,
दुसऱ्या रविवारी गोलच्या खांबाचा रंग निघाला.
क्लेम गवतावर उभा राहून खुणा करतो,
ये, ये, अजून ये,
आणि डावीकडची बादली कुरकुरत आडवी होते
तरी त्याचा हात ये, ये म्हणतच असतो.

तिथेच मला ते दिसलं. आरशात.
व्हायआलाहून निघून किनाऱ्याने खाली गेलं,
टोकाला वळून पुन्हा वर आलं,
तरी समुद्र सगळी वाट डाव्या हाताला.
त्याच्या खिडकीला लागून. त्याच्या अगदी कानाशी.
नऊ दिवस.

घरी येऊन मी पेन्सिल उचलली.
"आधी आतल्या रस्त्याने जाऊ. किंबा, वुडिना, गव्हाची शेतं.
थेट सेडूना गाठू.
आणि तिथून किनाऱ्याने परत."
"उलट?"
"उलट."
"दक्षिणेचा वारा तोंडावर येईल. डिझेल पिईल गाडी."
"पिऊ दे."
"दुपारनंतर तर ढकलत न्यावी लागेल."
"दुपारी थांबू."

तो बराच वेळ नकाशाकडे बघत राहिला.
मग नकाशा उचलून त्याने हळूच फिरवला,
दक्षिण वर, उत्तर पोटाशी,
ब्रेडचा डबा ढकलून दिला,
बोट सेडूनावर ठेवलं आणि खाली आणलं,
म्हणजे वर नेलं.
बोटाच्या उजवीकडे निळा रंग.
बोट थांबलं.

"तू मध्ये येशील," तो म्हणाला.
"चालवणारी मी आहे. मध्ये येणारच."
"तुझं नाक, आणि मग समुद्र."
"चालेल ना?"
उत्तर दिलं नाही. खोडरबर शोधू लागला.
ते डावीकडे होतं. मी उजवीकडे सरकवलं.

झोपण्याआधी वही उघडी दिसली.
डिझेल, अंदाजे तीस लिटर जास्त.
बादल्या दोन, थानासिसला भरून देणे.
आणि सगळ्यात खाली, वाकड्या अक्षरात:
शिवणाचा डबा, खोळीसकट,
दोन किलो तीनशे.