लुफ्त

ओझरच्या कारखान्यात मी तक्रारपत्रांचं रशियन करायचे.
इंग्रजीत शब्द एकच, प्ले.
पोरांचा असेल तर इग्रा,
शालिमारच्या थिएटरात पडदा वर गेला की प्येसा,
आणि बेअरिंग डुगडुगत असेल
तर लुफ्त.

एकदा घाईत मी इग्रा लिहिलं.
फोरमन निकुंभ हसून लोळायचे बाकी:
"बाई, विमानाचं चाक खेळायला गेलं म्हणून कळवलंत मॉस्कोला!"
मग खोडरबर पुढे सरकवत,
"पण थोडा लागतोच.
अजिबात नसला तर तापून जाम होतं."

काल सराफ बाजारात
सोनार माझी अंगठी हलवून म्हणाला,
सैल झालीये, घट्ट करू?

कोण कुठलं चाक आठवलं.
बोटावर एकदा फिरवून पाहिली.
म्हटलं, राहू दे,
एवढा असावा.