अडीच तास मागं

तुमचं घड्याळ आमच्या अडीच तास मागं.
इथं भाकऱ्या उरकून मी परात विसळते
तेव्हा तिकडं म्वान्झात अजून ऊन असतं,
तुम्ही मुशीखालचा जाळ कमी करता
आणि फोन लावता.

पहिल्या वर्षी म्हणालात,
"इथंबी बाभळीच हायत्या कौशे,
फकस्त डोक्यावर सपाट, इस्त्री फिरवल्यागत.
त्यावर हिरवी पाखरं, चोच लाल,
डोळ्याभोवती चुन्याचं कडं.
एकदा जोडी जमली की मरस्तवर.
लोक डबं वाजवून हाकलत्यात,
बाजरी खात्यात म्हणून."

मी विट्याला गेले. स्टँडमागच्या मोमीनच्या दुकानातून
तसलीच जोडी आणली,
नऊशे रुपये, पिंजरा वेगळा.
जाऊबाई म्हणाल्या, भावजी तिकडं सोनं गाळत्यात
अन् ही इकडं पाखरावर उधळतीया.
दुपारी त्याच दिसल्या, गजांतून दाणे सारताना.

दिवसभर एकमेकांच्या तोंडात घास.
मी दुसरीकडं बघायचे,
मग परत तिकडंच.

एकदा मादीनं भिंतीवरचं कॅलेंडर ओढलं
आणि चोचीनं पट्ट्या फाडल्या,
सरळ, शिंप्यानं कापल्यागत.
तुमच्या सुट्टीला लाल गोल केलेला मार्च
तिनं मडक्यात अंथरला.
मी हसले. तेव्हा माहीत नव्हतं
की तुमचा शेठही तो मार्च देणार नाही.

नर गेला भर श्रावणात.
तळाशी पडलेला,
हातात घेतला तर वाळल्या शेंगेएवढा हलका.
प्रणितनं शेवग्याखाली पुरला, वर खापरी ठेवली.
मोमीन म्हणाला, "दुसरीबी आठ दिसांत जाईल,
जोडीचं पाखरू हाय.
न्हाईतर नवा नर न्या, पाचशेला देतो."

मी दिवस मोजले.
तीन दिवस तिनं दाण्याला चोच लावली नाही.
चौथ्या दिवशी पाणी.
नवव्या दिवशी मी कणीस अडकवलं
तर तिनं ते फोडलं, टरफलं खाली, दाणा आत,
माझ्याकडं बघत.
राग आला मला तिचा. खरंच आला.
मग मी चहा टाकला, एक कप,
आणि तिच्याशेजारी बसून प्याले.

लेंगऱ्यात आमच्या गल्लीत सहा घरं गलाईवाल्यांची.
एक सिलीगुडीला, दोन कोचीनला, एक आग्र्याला,
यमुनाचा मालक तर कुठं असतो
ते यमुनालाही नीट सांगता येत नाही.
सगळ्या बायका जिवंत आहेत.
हळदीकुंकवाला येतात, हसतात,
वाटली डाळ दुसऱ्यांदा मागून घेतात.

काल तुम्ही विचारलंत, "पाखरं काय म्हंत्यात?"
"बरी हायत."
"दोघं?"
"दोघं."
तुम्ही खोकलात. बराच वेळ.
"तेजाबाचा धूर का ओ?"
"छ्या, धूळ. इथं वारं लई."

मग कुणीच बोललं नाही.
तुमच्या मागं बाभळीत एकदम कलकलाट उठला,
शंभर असतील, दोनशे असतील,
उतरत असतील झोपायला.
ही दांडीवरून टोकाला सरकली,
मान वाकडी करून ऐकलं
आणि फोनच्या दिशेनं ओरडली.

तुम्हाला एकच आवाज आला असणार.
तुम्ही काही विचारलं नाही.

तिकडं ऊन होतं अजून.
मी पिंजऱ्यावर तुमचा जुना टॉवेल टाकला.