रकाना सहावा

कल्लिरोईच्या दाराला कुलूप नाही, कडीही नावालाच.
मी डॉक्टरांचा दुभाष्या. आम्ही बेटावर पोचलो
तेव्हा ती ओट्यावर रानबडीशेप निवडत होती,
कोवळे शेंडे मांडीवर, जून दांडे शेळीला.

डॉक्टरांनी तक्ता उघडला. रकाना पहिला : न्याहारी.
"शेळीचं दूध. पाव, शिळा असला तर बरा, नीट बुडतो."
दुसरा : दुपार.
"चणे. काल चणे. उद्या, देवाच्या मनात असेल तर, चणे."
तेल किती?
तिनं हवेतच बाटली तिरकी केली : "एवढं."
डॉक्टरांनी लिहिलं, पन्नास मिलिलिटर.

पालेभाज्या कोणत्या?
इथं ती बोलू लागली आणि माझी भाषा तोकडी पडली.
सतरा पाल्यांची सतरा नावं,
हा दोन उकळ्या मागतो, हा शेळीच्या आधी गाठायचा,
हा खुडावा, उपटू नये, मूळ पुढच्या वर्षाचं असतं.
मी सांगितलं, "विविध रानभाज्या."

कुणी शिकवलं हे?
"भुकेनं.
युद्धातला हिवाळा. बोटी बंद. पीठ संपलं,
मग पिठाचा डबा विसळलेलं पाणीही.
आई आम्हाला अथेरासच्या उतारावर चरायला न्यायची.
हो, चरायलाच.
धाकटा याकोवोस कडू पाला थुंकून टाकी.
त्याच्या वाट्याचं मी खाल्लं.
डोंगर फुलला तेव्हा घरात एक चमचा जास्त होता."

तिनं जुडी बांधली, दाताने दोरा तोडला.
याचं भाषांतर मी केलं नाही.
डॉक्टर विचारत होते, दीर्घायुष्यात
या पाल्याचा वाटा किती टक्के धरावा.

रकाना सहावा : रात्रीच्या जेवणाची वेळ.
"कुणी आलं की."
नाही आलं तर?
तिला प्रश्नच कळेना. मी दोनदा विचारला.
तिसऱ्यांदा तोंड उघडतो तोच शेजारचा स्त्रातिस
वाइनचा बुधला घेऊन फाटकातून आत,
मागून त्याची बहीण,
तिच्या मागून कुणाचं तरी कुत्रं.

पानं मांडली. डॉक्टर हात जोडून म्हणाले, नको,
अभ्यासाच्या नियमात बसत नाही.
"त्याला सांग," ती म्हणाली,
"उपाशी माणसासमोर मी जेवत नाही.
एकदा जेवलेय."

हे मात्र मी शब्दाला शब्द सांगितलं.

डॉक्टरांनी पेन मिटलं, पहिला घास घेतला.
ती वाकून पाहत राहिली,
थुंकतो का ते.